किशोरवयीन मुलांसोबत सामूहिक चित्रप्रकल्प: ठरवण्याचं काम मुलांकडे द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातलं एक सार्वजनिक वाचनालय आठवी ते बारावीच्या तीसेक मुलामुलींना घेऊन चित्रप्रकल्प करू पाहतंय. जानेवारीत तीन दिवस वाचनालयाचा हॉल प्रदर्शनासाठी मिळेल. सध्याचा बेत असा: 'आपलं गाव' या विषयावर प्रत्येकाने एक चित्र काढायचं, निवडक चित्रं फ्रेम करून लावायची, पहिल्या तिघांना बक्षीस द्यायचं आणि जमल्यास कुंपणभिंतीवर सगळ्यांनी मिळून मोठं चित्र रंगवायचं. हे खऱ्या अर्थाने सामूहिक कसं होईल, माध्यम कोणतं घ्यावं, ज्यांना चित्र येत नाही त्यांचं काय आणि प्रदर्शन कसं लावावं, असं कार्यवाहांनी विचारलं आहे.

पहिली विनंती: बक्षिसं काढून टाका. बक्षीस असलं की शेजारी बसलेला मुलगा प्रतिस्पर्धी होतो आणि कागदावर हात आडवा धरला जातो. तीस मुलांनी एका हॉलमध्ये बसून तीस चित्रं काढली, तर ती चित्रकला स्पर्धाच झाली. त्या तिसांनी मिळून काही ठरवलं, त्यासाठी वाद घातला, स्वतःचं थोडं सोडलं आणि दुसऱ्याचं थोडं घेतलं, की काम सामूहिक होतं. म्हणून रंग कोणते, कापड किती, यांच्या आधी निर्णय कोण घेणार हे स्पष्ट करा. माझं उत्तर एकच आहे: मुलं.

हे त्यांना जमेल का, अशी शंका समितीत कुणीतरी काढेलच. त्यांना दिवाळीतल्या किल्ल्याची आठवण करून द्या. परीक्षा संपली की वाड्यातली, सोसायटीतली मुलं माती, विटा, दगड, पोती जमवायला लागतात. मातीसाठी शेजाऱ्यांकडे जावं लागतं, पोत्यांसाठी किराणा दुकानात. बुरूज कुठे, तळं कुठे, महाराजांचं सिंहासन कोणत्या बाजूला, यावरून भांडणं होतात आणि ती मुलंच मिटवतात. एकाला चिखल छान लिंपता येतो, एकीला रंगाची जाण असते, धाकटा अळीव पेरून रोज पाणी शिंपडतो. हिरवळ उगवते, मावळे उभे राहतात आणि संध्याकाळी येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून मुलं सांगतात, हा प्रतापगड, ही माची, इथून चोरवाट. साहित्य वस्तीतलं, निर्णय मुलांचे, कामाची वाटणी ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे आणि शेवटी लोकांसमोर उभं राहून सांगणं. सामूहिक कलाप्रकल्पाला लागणारं सगळं यात आलं. किल्ल्यांच्या स्पर्धा सुरू झाल्या तिथे काय झालं तेही पाहा: परीक्षक येणार म्हटल्यावर वडीलमंडळी प्लास्टर ऑफ पॅरिस घेऊन मधे उतरली आणि मुलं पाणी आणून द्यायला उरली.

शाळेतली चित्रकला मात्र मुलांना एकट्याने काम करायला शिकवते. शासकीय रेखाकला परीक्षांमुळे, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटमुळे, महाराष्ट्रातल्या लाखो मुलांचा हात तयार झाला आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन हा पाया उत्तम आहे आणि तुमच्या गटातली ही परीक्षा दिलेली मुलं फार उपयोगी पडतील. पण त्या परीक्षेत विषय दुसऱ्याने दिलेला असतो, वेळ ठरलेली असते, कागद ज्याचा त्याचा असतो. सवय तीच लागते. 'आपलं गाव' म्हटलं की सपाट माळावरच्या गावातली मुलंसुद्धा दोन डोंगरांमधला सूर्य, नदी आणि कौलारू घर काढतात. यात मुलांचा दोष नाही. विषय इतका सैल आहे की त्याला तयार उत्तरच येणार.

म्हणून विषय देऊ नका, प्रश्न द्या. असा प्रश्न, ज्याचं उत्तर मुलांकडे तयार नाही, तुमच्याकडेही नाही आणि ते शोधायला हॉलबाहेर जावं लागेल. 'पाणी वाचवा' किंवा 'प्लास्टिकमुक्त गाव' या घोषणा आहेत, त्यांचं उत्तर आधीच लिहिलेलं असतं. मी सर्वात जास्त वेळा वापरलेला प्रश्न साधा आहे: या गावात आपण कुठे निवांत थांबू शकतो आणि कुठून आपल्याला हाकललं जातं? या वयाच्या मुलांसाठी तो अगदी जवळचा आहे. बागेत लहान मुलांसाठी झोके असतात, म्हाताऱ्यांसाठी बाकं असतात. पंधरा वर्षांच्या मुलाने कुठे बसायचं?

पहिल्या बैठकीत प्रत्येकाला कागद द्या आणि आठवणीतून गावाचा नकाशा काढायला सांगा. मोजमाप नको, दिशा चुकल्या तरी चालतील. मग मुलींचे नकाशे एका भिंतीवर लावा, मुलग्यांचे दुसऱ्या. मी जिथे जिथे हे केलं आहे, तिथे दोन भिंतींवर जणू दोन गावं उभी राहिली. मुलग्यांच्या नकाशात मैदान, नदीचा घाट, चौकातला कट्टा, गॅरेज, एसटी स्टँडमागची टपरी. मुलींच्या नकाशात घर, शाळा, क्लास, देऊळ, मैत्रिणीची गच्ची आणि यांना जोडणारे एक-दोनच रस्ते, तेही जाड रेषेने गिरवलेले. हे पाहिल्यावर जी शांतता पसरते आणि त्यानंतर जी चर्चा सुरू होते, तिथे प्रकल्पाचा विषय सापडतो. तो मुलांनी शोधलेला असतो, त्यामुळे पुढे कुणाला ढकलावं लागत नाही.

इथे एक गोष्ट फार जपून करायची आहे. एखादी मुलगी एखाद्या गल्लीवर काट मारेल आणि कारण सांगणार नाही. तिला सगळ्यांसमोर विचारू नका. गटासोबत एक जाणती, विश्वासू बाई पहिल्या दिवसापासून असलीच पाहिजे आणि बोलायचं झालं तर कुणाशी बोलायचं हे मुलामुलींना ठाऊक असलं पाहिजे. अल्पवयीन मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणं बंधनकारक आहे. 'घरगुती बाब आहे' म्हणून झाकता येत नाही. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर हॉलमध्ये ठळक लावून ठेवा. पालकांची लेखी संमती घ्या. फोटोंसाठी वेगळी संमती घ्या आणि मुलांची स्वतःची परवानगी तिसरी.

पुढचा टप्पा माणसांकडे जाण्याचा. दोन-तिघांच्या जोड्या करून मुलांना आजीकडे, शिंप्याकडे, एसटी कंट्रोलरकडे, बाजारात भाजी विकणाऱ्या मावशीकडे पाठवा. विचारायचं एवढंच: तुम्ही आमच्या वयाचे होतात तेव्हा कुठे बसायचात? ती जागा आता आहे का? मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करू द्या. या वयाच्या मुलांच्या हातून मोबाइल काढून घेण्यात शक्ती घालवण्यापेक्षा त्याला काम द्यावं. या भेटींतून बुजलेली विहीर, तोडलेला पार, बंद पडलेलं थिएटर, बायकांच्या गप्पांचा धुण्याचा दगड अशा जागा समोर येतात, ज्या कुठल्याही सरकारी नकाशात नसतात.

जगातल्या या प्रकारच्या सर्वात मोठ्या कामांपैकी एक याच पद्धतीने झालं. लॉस एंजेलिसमध्ये तुहुंगा वॉश नावाचा काँक्रीटने बांधलेला पूरनाला आहे. त्याच्या भिंतीवर ज्युडी बाका या चित्रकर्तीने १९७६ साली काम सुरू केलं. पहिल्या उन्हाळ्यात साधारण ऐंशी किशोरवयीन मुलं होती, त्यातली बरीचशी पोलीस आणि बालन्यायालयाच्या चकरांमध्ये अडकलेली. १९८३पर्यंतच्या पाच उन्हाळ्यांत चारशेहून अधिक मुलांनी तिथे रंगवलं. लांबी २७५४ फूट, म्हणजे सुमारे ८४० मीटर. विषय कॅलिफोर्नियाचा इतिहास, पण पाठ्यपुस्तकात न आलेला: मूळ रहिवासी, मेक्सिकन, कृष्णवर्णीय, दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेले जपानी वंशाचे नागरिक. इतिहासकार येऊन मुलांशी बोलत, त्यातून प्रसंग ठरत, मग चित्र. काम उन्हाळ्यातच का, तर पावसाळ्यात नाल्याला पाणी येतं. त्या मुलांना वेगवेगळ्या वस्तीतल्या, एकमेकांशी हाडवैर असलेल्या मुलांच्या शेजारी उभं राहून एकच भिंत पुरी करावी लागली. बाकांच्या मते कामाचा तो भाग चित्राइतकाच महत्त्वाचा होता आणि मला ते पूर्ण पटतं.

आपल्या जवळचं उदाहरण छत्तीसगडमधल्या कोंडागावचं. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या नवजोत अल्ताफ नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून तिथले आदिवासी कलाकार राजकुमार, शांतिबाई, गेसूराम यांच्यासोबत काम करत आल्या आहेत. त्यांनी हातपंपांच्या जागा नव्याने घडवल्या: हंडा जमिनीवरून थेट डोक्यावर उचलावा लागू नये म्हणून टेकवायला टप्पे केले आणि भोवती शिल्पं उभी केली. 'पिल्ला गुडी' नावाच्या मुलांनी जमण्याच्या जागाही तिथे उभ्या राहिल्या. कलावस्तू आणि वापराची वस्तू वेगळी ठेवायचं कारण नाही, हे मी त्या कामाकडून शिकलो.

आता तीस हातांचं एकच चित्र कसं करायचं ते पाहू. दोन टोकं टाळायची. एकात एक हुशार मुलगा आराखडा काढतो आणि बाकीचे आत रंग भरतात. दुसऱ्यात प्रत्येक जण आपल्या मनाचं काढतो आणि सगळं शेजारी शेजारी चिकटवलं जातं. मधला रस्ता असा, की नियम सगळ्यांचा एक आणि त्यातलं रूप ज्याचं त्याचं. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये टिम रॉलिन्स या शिक्षकाने १९८०च्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांसोबत हे करून दाखवलं. फ्रान्झ काफ्का या लेखकाच्या 'अमेरिका' कादंबरीत सोनेरी तुताऱ्या वाजवणाऱ्या बायकांचा एक प्रसंग आहे. मुलांना विचारलं, तुम्ही सोनेरी वाद्य असता तर कसे दिसला असता? प्रत्येकाने आपली तुतारी काढली आणि कादंबरीच्या चिकटवलेल्या पानांवर त्या सगळ्या एकमेकींत गुंतवून एक चित्र झालं. एकही तुतारी दुसरीसारखी नाही, तरी चित्र एकच.

तुमच्यासाठी मी सुचवेन तो कापडाचा नकाशा. कुंपणभिंत या वर्षी सोडा. भिंतीला लोणा (ओलीमुळे फुटणारे पांढरे क्षार) आहे का, पश्चिमेच्या पावसाची झड लागते का, नवं प्लास्टर महिनाभर पाणी पिऊन सुकलं आहे का, हे सगळं बघावं लागतं. खरवडणं, प्राइमर, परांची, नगरपरिषदेची परवानगी यातच तुमचे दोन महिने जातील आणि उंचीवर मुलांना चढवणं मला मान्य नाही. भिंतीवरच्या चित्रासमोर चार महिन्यांत कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो, हेही ध्यानात ठेवा.

मांजरपाट, म्हणजे साधं जाडसर सुती कापड, घ्या. ९० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर उंच असे बारा तुकडे करा. सहा वर, सहा खाली लावले की ५ मीटर ४० सेंटिमीटर रुंद आणि २ मीटर ४० सेंटिमीटर उंच काम होतं, हॉलची एक भिंत भरून. प्रत्येक तुकडा दोन-तीन मुलांकडे. नवं कापड आटतं, म्हणून आधी धुऊन घ्या. मग एका भागाला तीन भाग पाणी घालून फेविकॉलचा पातळ हात द्या, वाळल्यावर पांढऱ्या रंगाचा एक पातळ हात. जाड थर दिला तर गुंडाळताना तडकतो. छोट्या ट्यूबमधले रंग एवढ्या कामाला पुरत नाहीत आणि परवडतही नाहीत. पांढऱ्या एक्स्टिरियर इमल्शनचा, म्हणजे बाहेरच्या भिंतींना देतात त्या रंगाचा, डबा आणि त्यात मिसळायचे दाट रंग, म्हणजे स्टेनर, पाच-सहा घ्या, रंगारी वापरतात तेच. स्टेनर थेंबाथेंबाने घाला. गडद रंगाच्या मोहात जास्त ओतला तर रंग नीट धरत नाही, हाताला येतो. गडद रंग हवाच असेल तर तेवढ्यापुरता तयार गडद डबा घ्या.

नियम दोन. पहिला: प्रत्येक तुकड्याच्या कडेवर शेजारच्या तुकड्यातून येणारी निदान एक वाट पुढे गेली पाहिजे. यामुळे शेजारच्या गटाशी बोलल्याशिवाय कुणाचंच काम पुरं होत नाही. रस्ता किती रुंद, कोणत्या रंगाचा, इथे वळतो की तिथे, यावर तासन्‌तास वाद होतील. होऊ द्या, तुम्ही निकाल देऊ नका. दुसरा: जागा दाखवायची ती तिथल्या माणसाने सांगितलेल्या गोष्टीतून, नुसतं देऊळ किंवा टाकी म्हणून नाही. घरं जुन्या साड्यांच्या, शर्टांच्या तुकड्यांची करून टाचता येतील. गोधडी शिवणाऱ्या आज्या प्रत्येक आळीत आहेत. धावदोरा शिकवायला त्यांना बोलवा आणि त्यांना गुरूच्या मानाने बसवा. मुलगे सुरुवातीला सुई हातात घ्यायला लाजतात. एकदा घेतली की सोडत नाहीत.

"मला चित्र येत नाही" असं म्हणणारी मुलं खरं तर प्रकल्पाचा कणा असतात. मुलाखती घेणारा, वाट मोजणारी, अक्षर सुंदर असलेली, भांडण मिटवणारा, हिशेब ठेवणारी, आवाज जोडून तीन मिनिटांची ध्वनिफीत करणारा, सगळे लागतात. पण एक करा: प्रत्येकाचा हात कापडाला लागलाच पाहिजे, टाका असो की रंग. प्रदर्शनात आईला बोट दाखवून 'हे मी केलं' म्हणता आलं पाहिजे.

वेळापत्रकाचं म्हणाल तर दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात करा. मोठ्या बैठका तेव्हाच उरका. नंतर दर रविवारी सकाळी तीन तास. दहावी-बारावीच्या मुलांची जानेवारीत पूर्वपरीक्षा असते, म्हणून नकाशे आणि मुलाखती हा टप्पा त्यांच्याकडे द्या आणि रंगकामाची सक्ती करू नका. मुलींना अंधारापूर्वी घरी पोचता येईल अशी वेळ ठेवा. संडास उघडा आणि स्वच्छ आहे का बघा. त्यावाचून मुली दुसऱ्या रविवारी येत नाहीत आणि कारणही सांगत नाहीत. पोहे, चहा, केळी यांचा खर्च रंगाच्या खर्चाला टेकेल, तो आनंदाने करा.

मोठ्यांनी ब्रश हातात घ्यायचा नाही. हे पाळणं सर्वात अवघड जातं. चित्र थोडं वाकडं दिसलं की कलाशिक्षकांचा हात आपसूक पुढे येतो. मुलाने विचारलं तर दुसऱ्या कागदावर दाखवावं, त्याच्या कापडावर नाही.

प्रदर्शनाची मांडणीही मुलांनीच करायची. हॉलची भिंत टोकरायला परवानगी नसेल तर शिंप्याकडून वरच्या कडेला नेफा शिवून घ्या, त्यातून बांबू घालून सुतळीने टांगा. इतर चित्रं लावताना चित्राचा मध्य जमिनीपासून दीड मीटरच्या जरा खाली ठेवा, म्हणजे मुलांच्या आणि मोठ्यांच्याही डोळ्यांसमोर येतो. समोरच्या भिंतीवर पहिले नकाशे, नाकारलेले आराखडे, मतदानाचे कागद लावा. गावकऱ्यांना निर्णय कसे झाले ते दिसू द्या. चित्रांखालच्या चिठ्ठ्या मुलांनी स्वतःच्या बोलीत लिहाव्यात, शुद्धलेखनापलीकडे काही बदलू नका. नावं सगळ्यांची एकाच यादीत, एकाच आकारात, वर्णानुक्रमे. शिंपीकाका, आज्या आणि मार्गदर्शक त्याच यादीत.

उद्घाटन पाहुण्यांच्या भाषणांनी लांबवू नका. तीन दिवसांत एक आठवडी बाजाराचा दिवस येईल असं बघा, म्हणजे खेड्यांतली माणसंही डोकावतील. मुंबईत २०१५ साली झालेल्या धारावीच्या 'अॅली गल्ली बिएनाले'ची मला आवडलेली गोष्ट हीच, की ते काम कलादालनांच्या काळाघोडा भागात न नेता धारावीतच मांडलं गेलं. ज्यांच्याबद्दल होतं ते लोक चालत येऊन बघू शकत होते. मुलं पाळीपाळीने नकाशाशेजारी उभी राहून माहिती सांगतील. आणि टिकल्यांची पाकिटं ठेवा: येणाऱ्याने आपल्या लहानपणीच्या बसण्याच्या जागेवर एक टिकली लावायची आणि शेजारच्या वहीत एक ओळ लिहायची. साठीतले लोक त्या नकाशासमोर अर्धा-अर्धा तास थांबतात, मुलांना ओढून गोष्टी सांगतात.

काम संपल्यावर कापड कुणाचं, हे दिवाळीतच ठरवून लिहून ठेवा. तुकडे कापून वाटू नका. पीव्हीसी पाइपवर गुंडाळून, वर जुन्या चादरीचं वेष्टन घालून वाचनालयात ठेवा. घडी घालू नका. वर्षभरात ते शाळांत, नगरपरिषदेच्या सभागृहात, एसटी स्टँडवर एकेक दिवस लावता येईल.

आणखी एक काम समितीने मुलांना बोलावण्याआधी करायचं आहे. नकाशातून वाचनालयाबद्दलही काहीतरी निघेल: संध्याकाळी लवकर बंद होतं, मुलींना बसायला वेगळं टेबल नाही, वर्तमानपत्राच्या खोलीत ज्येष्ठ नागरिक मुलांना बसू देत नाहीत. वेळ, टेबल, खोली या तिन्ही गोष्टी समितीच्या हातात आहेत. यातलं काय बदलायची तयारी आहे, यावर आधी बैठकीत बोलून घ्या आणि प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी मुलांना समितीसमोर बसवून त्यांचं म्हणणं इतिवृत्तात नोंदवा.